कोणत्या सालापासून, कोणत्या कागदावरून

२०१७ च्या जानेवारीत चीनच्या शिक्षण मंत्रालयाने देशभरच्या पाठ्यपुस्तकांत एक दुरुस्ती करायला लावली. जपानविरुद्धचे युद्ध तोवर ‘आठ वर्षांचे’ म्हणून शिकवले जाई, १९३७ ते १९४५. यापुढे ते ‘चौदा वर्षांचे’ म्हणून शिकवायचे होते. म्हणजे युद्धाचा आरंभ धरायचा तो सप्टेंबर १९३१ पासून, जपानी सैन्याने मुकदेन शहराजवळच्या घटनेचे निमित्त करून मांचुरिया गिळायला घेतला तिथून. हा बदल निराधार म्हणता येणार नाही. मांचुरियातल्या शेतकऱ्याच्या दारात जपानी शिपाई १९३१ मध्येच येऊन उभा राहिला होता. पण आरंभाचे साल मागे सरकले आणि चित्रातल्या माणसांनी जागा बदलल्या. १९३७ पासून मोजले की शांघाय, नानजिंग, वूहान इथे रक्तबंबाळ होऊन लढलेले चँग कै शेकचे सैन्य मध्यभागी येते. १९३१ पासून मोजले की त्याच चँगने सहा वर्षे जपानशी उघड युद्ध टाळले ही गोष्ट डोळ्यांत भरते, आणि मांचुरियाच्या जंगलांतून लढणाऱ्या तुकड्या, त्यांतले कम्युनिस्ट कार्यकर्ते, पुढच्या रांगेत येतात.

आधुनिक चीनच्या इतिहासावरचे कुठलेही पुस्तक हाती घेतले की दोन प्रश्न आधी विचारावेत असे मला वाटते. लेखक कोणत्या सालापासून मोजतो? आणि कोणत्या कागदांवरून लिहितो? पुस्तकाचा निष्कर्ष बऱ्याचदा या दोन उत्तरांतच ठरून गेलेला असतो. प्रस्तुत संग्रहात आधुनिक चीनवरच्या अभ्यासग्रंथांची परीक्षणे आहेत आणि ती याच दोन प्रश्नांभोवती फिरतात. ती वाचण्याआधी या क्षेत्राचा नकाशा वाचकाच्या हाती असावा, यासाठी ही प्रस्तावना जरा सविस्तर लिहिली आहे.

मराठी वाचकाला चीन मुख्यतः दोन वाटांनी भेटला. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ही पहिली वाट. १९४२ च्या डिसेंबरात ते तिथेच वारले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने त्यांना घरोघरी पोचवले. दुसरी वाट १९६२ च्या युद्धाची. एका वाटेवर कृतज्ञता भेटते, दुसरीवर जखम. दोन्हीकडे चीन आपल्या संदर्भात दिसतो. त्याचे स्वतःचे भांडण काय होते, आणि ते भांडण तिथले इतिहासकार कसे मांडत आले, हे दोन्ही वाटांवरून दिसत नाही.

त्या भांडणाची सुरुवात साधारण १९०२ पासून धरता येईल. सुधारणेचा डाव फसल्यावर जपानमध्ये परागंदा झालेल्या लियांग छीचाव याने तेव्हा नव्या इतिहासलेखनाचा जाहीरनामाच मांडला. दोन हजार वर्षांच्या राजघराण्यांच्या बखरी म्हणजे राजांच्या वंशावळी आहेत, राष्ट्राचा आणि लोकांचा इतिहास अजून लिहायचाच आहे, असा त्याचा सूर होता. पुढच्या पिढीतल्या गू च्येगांगने १९२६ पासून प्राचीन कथांनाच हात घातला. आदिसम्राटांच्या गोष्टी काळ पुढे जाईल तशा थराथराने कशा वाढत गेल्या हे त्याने दाखवले, तेव्हा बरेच विद्वान बिथरले.

कागदांचे काय झाले, याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. छिंग या मांचू राजघराण्याच्या दरबारी सचिवालयाचे दप्तर राज्य बुडाल्यावर बीजिंगच्या इतिहास संग्रहालयाकडे आले. पैशांची चणचण होती. १९२१ मध्ये संग्रहालयाने सुमारे आठ हजार गोण्या कागद एका कागदवाल्याला रद्दीच्या भावाने, चार हजार रुपेरी युआनला, विकून टाकला. तो लगदा व्हायच्या बेतात असताना लुओ चन्यू या जुन्या कागदपत्रांच्या दर्दी संग्राहकाला सुगावा लागला, आणि त्याने तिप्पट किंमत मोजून माल परत मिळवला. मग दप्तर आणखी एका हातातून फिरले आणि शेवटी १९२९ मध्ये फू सिन्यन याच्या नव्या इतिहास संशोधन संस्थेने ते विकत घेतले. लेखक लू शुन स्वतः शिक्षणखात्यात नोकरीला होता. गोण्यांचे धिंडवडे त्याने जवळून पाहिले होते आणि त्यावर झणझणीत लेखही लिहिला. १९४९ मध्ये याच दप्तराचा एक हिस्सा संस्थेबरोबर समुद्र ओलांडून तैवानला गेला. जुन्या दप्तरांत आयुष्य घालवलेल्या राजवाडे-खऱ्यांच्या परंपरेतल्या वाचकाला या हकीकतीचे मोल वेगळे समजावून द्यायला नको.

यानंतर साल ठरवण्याचा प्रश्न आला. १९३८ मध्ये, देश जपानी माऱ्याखाली असताना, च्यांग थिंगफू याने आधुनिक चीनचा एक छोटेखानी इतिहास लिहिला. तो १८४० च्या अफू युद्धापासून सुरू होतो आणि एकच प्रश्न विचारतो: चीनला आधुनिक होणे जमेल का? अफू जाळणारा, असे आपण ऐकून असलेला, लिन त्सेशू त्याच्या लेखी अर्धामुर्धा नायक. इंग्रजांच्या तोफा भारी आहेत हे लिनला कळून चुकले होते, पण स्वतःचे नाव जाईल या भीतीने तो ते उघड बोलला नाही, हा च्यांगचा आरोप. काही वर्षांतच येनानच्या कम्युनिस्ट तळावर फान वनलानने दुसरा इतिहास लिहिला. आरंभाचे साल तेच, १८४०. पण सूत्र साम्राज्यवाद आणि त्याला झालेल्या जनतेच्या प्रतिकाराचे. इथे लिन निखळ देशभक्त ठरतो, आणि ताइपिंगांचे बंड मोडणारा त्सेंग क्वोफान देशद्रोही खाटीक. १९५४ पासून चाललेल्या कालखंडांच्या वादातून १८४०, १९१९ आणि १९४९ हे तीन टप्पे चीनच्या शाळा-कॉलेजांत पक्के झाले, आणि ताइपिंग बंड, बॉक्सर आणि १९११ ची क्रांती या क्रांतीच्या चढत्या लाटा ठरल्या. पुढची गंमत अशी की १९९० च्या दशकात याच त्सेंगवरची कादंबरी चीनभर हातोहात खपली आणि त्याच्या पत्रांतून व्यवस्थापनाचे धडे देणारी पुस्तके विमानतळांवर दिसू लागली. बंड मोडणारा माणूस स्थैर्याच्या काळात पुन्हा कामाला आला.

अमेरिकेत हा विषय उभा केला हार्वर्डच्या जॉन किंग फेअरबँक याने. तरुणपणी बीजिंगमध्ये त्याला छिंगकालीन कागद वाचायला च्यांग थिंगफूनेच शिकवले होते. त्याच्या आणि त्याच्या विद्यार्थ्यांच्या लेखनात पश्चिमेचा धक्का आणि चीनचा प्रतिसाद हा साचा पक्का झाला. जोसेफ लेव्हन्सनने कन्फ्यूशियसच्या परंपरेचा आधुनिक काळात कसा अस्त झाला यावर देखणे, काहीसे शोकात्म लेखन केले. व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत अमेरिकेतल्याच तरुण अभ्यासकांनी या घराण्यावर तोफ डागली: धक्का, प्रतिसाद म्हणता, त्यात साम्राज्यवाद कुठे गेला? १९८४ मध्ये पॉल कोहेनने दोन्ही बाजूंना धारेवर धरले. धक्का म्हणा, आधुनिकीकरण म्हणा, साम्राज्यवाद म्हणा, तिन्ही सूत्रांत कर्ता पश्चिमच राहतो. चीनचा इतिहास चीनच्या आतून, प्रांतांच्या आणि जिल्ह्यांच्या पातळीवरून बघा, असे त्याचे सांगणे.

हे सांगणे वेळेवर आले, कारण डेंगच्या काळात बीजिंगची दप्तरे उघडत होती. एकट्या पहिल्या ऐतिहासिक अभिलेखागारात मिंग-छिंग काळाचे सुमारे एक कोटी कागद आहेत. त्यांतून काय हाती लागते याचा उत्तम नमुना म्हणजे फिलिप कून याचे १९९० चे पुस्तक. १७६८ मध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात अफवा उठली की मांत्रिक लोक माणसांच्या शेंडीचे टोक कापून त्यांचा आत्मा चोरतात. लोकांनी भिक्षू आणि भिकारी धरून बडवायला सुरुवात केली. शेंडी ही मांचू सत्तेला मान तुकवल्याची खूण. त्यामुळे छ्यनलुंग बादशहाला जादूटोण्याच्या आड राजद्रोहाचा वास आला. प्रांताधिकाऱ्यांचे गुप्त अहवाल त्याच्याकडे जात आणि समासात लाल शाईने स्वतःच्या हाताने शेरे मारून तो ते परत धाडी. त्या लाल शेऱ्यांतून एक संशयी, चिडलेला मालक आणि त्याला चुकवू पाहणारी नोकरशाही समोरासमोर दिसतात. अधिकारी छळ करून कबुलीजबाब मिळवत राहिले, चौकशीत ते जबाब एकामागून एक कोसळले, आणि अखेर सगळे प्रकरण गुंडाळावे लागले. या कथेत पश्चिम कुठेच नाही. तरीही राज्ययंत्र, जनता आणि भीती यांची जी घडण पुढच्या दोन शतकांत कामी आली, ती इथे स्पष्ट ओळखू येते.

१९९० नंतर वादाला आणखी तीन तोंडे फुटली. पहिले अर्थव्यवस्थेचे. यांगत्सेचा त्रिभुज प्रदेश आणि इंग्लंड १७५० च्या सुमारास राहणीमानात जवळपास बरोबरीचे होते, इंग्लंड पुढे गेले ते हाताशी असलेला कोळसा आणि अमेरिकेतल्या वसाहती यांच्या जोरावर, असे केनेथ पोमरान्झने २००० मध्ये मांडले. फिलिप ह्वांगने त्याला कडवा विरोध केला: तेवढ्याच जमिनीत जास्त जास्त हात राबत होते, आणि दर हातामागची कमाई घटत होती. दुसरे तोंड साम्राज्याचे. १९९६ मध्ये एव्हलिन रॉस्कीने प्रश्न केला की छिंग राज्यकर्ते चिनी होऊन यशस्वी झाले, की मांचू राहिले म्हणून? हो पिंग-ती याने दोन वर्षांनी तितक्याच त्वेषाने उत्तर दिले. मांचू भाषेतले कागद वाचणाऱ्या नव्या अभ्यासकांनी छिंग राज्य हे मंगोल, तिबेटी, तुर्की प्रजेसाठी वेगवेगळे मुखवटे धारण करणारे मध्य आशियाई साम्राज्य म्हणून रंगवले. तिसरे तोंड १९४९ नंतरच्या काळाचे, आणि तेच सर्वांत नाजूक.

या तिसऱ्या प्रवाहात यांग चीशंगचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५९ मध्ये हुबेईतल्या गावी त्याचे वडील उपासमारीने गेले. विद्यार्थी असलेल्या यांगने ती घरची आपत्ती समजली. पक्षावरचा त्याचा विश्वास ढळला नाही. पुढे तो सरकारी वृत्तसंस्थेचा ज्येष्ठ वार्ताहर झाला, आणि १९९० च्या दशकात त्याच ओळखपत्राच्या आधारे एकेका प्रांताच्या दप्तरात बसून महादुष्काळाचे आकडे उतरवून घेत राहिला. त्याचे पुस्तक २००८ मध्ये हाँगकाँगला छापले गेले. मुख्य भूमीवर त्याला बंदी आहे. त्याचा अंदाज ३ कोटी ६० लाख बळींचा. इतरांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात, आणि हा फरक कुठल्या लोकसंख्येच्या तक्त्यावर किती भरवसा ठेवायचा यावर अवलंबून आहे. दुसरीकडे गेल हर्शाटरने शेन्शी प्रांतातल्या वृद्ध शेतकरी स्त्रियांच्या दीर्घ मुलाखतींवरून २०११ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांच्या आठवणी राजकीय मोहिमांच्या सनावळीने चालत नाहीत. त्या कालगणना करतात ती बाळंतपणांवरून, कापसाच्या शेतावरून, सामुदायिक खानावळीवरून. साल कोण मोजते हा प्रश्न इथे गावच्या अंगणात येऊन बसतो.

हे सगळे पंथ प्रत्यक्षात कसे वेगळे पडतात हे एकाच घटनेवरून पाहू. १८३९ च्या जूनमध्ये कँटनजवळ हूमन इथे लिन त्सेशूने परदेशी व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या वीस हजारांवर पेट्या अफू नष्ट केली. जाळली नाही, मोठमोठे हौद खणले, त्यांत पाणी आणि मीठ घातले, अफूचे गोळे फोडून टाकले, वर चुनकळी ओतली आणि तो रबरबाट ओहोटीबरोबर समुद्रात सोडला. काम सुमारे तीन आठवडे चालले. समुद्र नासवल्याबद्दल लिनने सागरदेवतेची प्रार्थना करून क्षमाही मागितली. फेअरबँकच्या पठडीत हा दोन जगांच्या समजुतींचा संघर्ष: एका बाजूला नजराणे आणि लोटांगणे, दुसरीकडे व्यापार आणि बरोबरीचे करार. चीनच्या पाठ्यपुस्तकात ती शंभर वर्षांच्या मानहानीची पहाट. दिल्लीत शिकवणाऱ्या तान चुंग यांनी १९७८ मध्ये दोन्ही संस्कृतींचा पडदा बाजूला सारून सांगितले की भांडण अफूचे होते आणि अफूच्या पैशाचे. चांदी देशाबाहेर का चालली होती याचा शोध घेताना लिन मान-हुंग यांना लॅटिन अमेरिकेतल्या खाणींचे घटलेले उत्पादनही दिसले. आणि अमर फारुकींनी कागद चाळले ते मुंबईचे.

इथे हा विषय आपल्या उंबऱ्यात येतो. हूमनच्या हौदांत बंगालच्या अफूबरोबर माळव्याची अफूही होती, आणि ती मुंबई बंदरातून गेली होती. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनच्या व्यापारातून आली. त्यांची पत्रव्यवहाराची पुस्तके आज मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. डेव्हिड ससूनने १८४४ मध्ये आपल्या मुलाला चीनला धाडले. पुण्याच्या ससून रुग्णालयावर, कुलाब्याच्या ससून डॉकवर आणि शांघायच्या नदीकाठच्या आलिशान ससून हाउसवर एकाच घराण्याचे नाव आहे. चीनच्या मानहानीचे शतक आणि मुंबईच्या भरभराटीचे शतक एकाच जमाखर्चाच्या दोन बाजू आहेत. हे वाक्य आपल्याला बोचावे, आणि परीक्षकाने ते विसरू नये.

हा संग्रह आताच का, याला कारण आहे. कागद पुन्हा बंद होत आहेत. १९८७ च्या अभिलेख कायद्याने तीस वर्षांनी कागद खुले करण्याचे तत्त्व मान्य केले होते, आणि २००४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानेही आपले जुने दप्तर उघडले होते. २०१३ च्या सुमाराला त्यातले बहुतेक पुन्हा कुलूपबंद झाले. त्याच वर्षापासून पक्षाच्या लेखी ‘ऐतिहासिक शून्यवाद’, म्हणजे पक्षाच्या अधिकृत इतिहासावर शंका घेणे, हा मोठा गुन्हा ठरत गेला. २०१८ मध्ये वीर-हुतात्म्यांच्या रक्षणाचा कायदा आला आणि २०२१ पासून त्यांच्या बदनामीला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद झाली. पक्षाने आपल्या इतिहासावर आजवर तीन ठराव केले आहेत: १९४५, १९८१ आणि २०२१. दुसऱ्याने सांस्कृतिक क्रांतीला घोडचूक म्हणण्याचे धाडस तरी केले होते. तिसऱ्याचा भर यशाच्या अखंड मालिकेवर आहे. छिंग घराण्याचा अधिकृत महाइतिहास लिहिण्याचा सरकारी प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला, आणि तो कधी प्रसिद्ध होणार हे अजूनही राजकीय संमतीवर अडले आहे. छिंग साम्राज्याच्या सीमांचा वारसा आजच्या चीनच्या सीमांना आहे, तेव्हा मांचूंविषयीचा विद्वत्तेचा वाद शिनजियांग, तिबेट आणि आपल्याही हिमालयीन सरहद्दीपर्यंत जाऊन पोचतो.

दप्तर बंद झाले म्हणून अभ्यासक थांबलेले नाहीत. बीजिंगच्या फान्च्यायुआनसारख्या जुन्या बाजारांत बंद पडलेल्या कारखान्यांच्या फायली, चौकशीचे जबाब, डायऱ्या किलोवर मिळतात. त्या विकत घेऊन १९५० आणि १९६० च्या दशकांवर उत्तम संशोधन झाले आहे. १९२१ मध्ये जे रद्दीत निघाले त्यातून छिंगांचा इतिहास उभा राहिला; आज माओकाळाचा एक भाग पुन्हा रद्दीतूनच वाचला जात आहे. पण रद्दीतला कागद कुठून आला, कोणी निवडला, त्याच्या आजूबाजूचे कागद कुठे गेले, हे कळत नाही. अशा पुराव्यावर किती भार टाकायचा, हे तपासणे हे परीक्षकाचे काम.

या संग्रहातली परीक्षणे ग्रंथाचा सारांश सांगून शेवटी चार गुणदोष नोंदवणारी नाहीत. प्रत्येक लेख पुस्तकाच्या आरंभाच्या सालाशी आणि त्याच्या साधनांशी हुज्जत घालतो. पुस्तक कोणत्या पूर्वसुरींशी बोलते आहे, कुठल्या भाषेतले कागद त्याने टाळले, त्याचा निष्कर्ष दुसऱ्या जिल्ह्यातल्या पुराव्यावर टिकेल का, हे विचारतो. जिथे चिनी अभ्यासक आणि परदेशी अभ्यासक यांच्यात मतभेद आहेत तिथे चिनी बाजूला आपोआप सरकारी समजलेले नाही. चीनमधल्या विद्यापीठांत आजही चिकाटीने, शब्द जपून, मोलाचे काम चालू आहे. आणि परदेशी ग्रंथ केवळ बंदी आली म्हणून खरा मानलेला नाही. काही लेखांत परीक्षक एकमेकांशी सहमत नाहीत. ते मतभेद मुद्दाम तसेच ठेवले आहेत. साहित्य, कला आणि परदेशस्थ चिनी समाज यांना इथे जागा देता आली नाही. त्यांचा आवाका स्वतंत्र ग्रंथाचा आहे.

मराठीत इतिहासाची एक शिस्त आहे: आधी साधने, मग सिद्धान्त. तीच शिस्त चीनच्या अभ्यासाला लावायची तर सुरुवात बीजिंगला जाऊन करायला हवी असे नाही. भारतात चीनच्या अभ्यासाची जुनी ठाणी आहेत: १९३७ चे शांतिनिकेतनचे चीना भवन, १९६२ नंतर दिल्लीत उभे राहिलेले विभाग. मुंबईत मात्र चीनशी दोन शतके व्यापार झाला आणि त्याचे दप्तर महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात आहे. या संग्रहातले एखादे परीक्षण वाचून एखाद्या विद्यार्थ्याने चिनी शिकायला घेतली आणि माळव्याच्या अफूच्या एका हंगामाचा हिशेब मुंबईच्या आणि कँटनच्या कागदांवरून ताडून पाहिला, तर या पुस्तकाचे काम झाले. तोवर वाचकाने एवढेच करावे: या लेखांतले कुठलेही विधान स्वीकारण्याआधी साल आणि कागद विचारावा, परीक्षकाच्या विधानालाही.